टार्टन कुणाचं? कष्टाचं कापड कुणाचं?



गेल्या प्रजासत्ताकदिनी शाळेच्या संचलनाचं ध्वनिमुद्रण करायला आम्ही गेलो होतो. मुलींचं पथक लाल-हिरव्या चौकड्यांचे स्कर्ट घालून ऐटीत चाललं होतं. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी विचारलं, "गं बायांनो, हे असलं चौकड्याचं कापड आलं तरी कुठून?" आम्ही म्हटलं, "आजी, हे मूळचं स्कॉटलंडचं. त्याला टार्टन म्हणतात." आजींनी लगेच पुढचं विचारलं, "मग तिकडं शेतात राबणारी बाईसुद्धा हेच नेसायची का?"

आम्ही गप्प झालो. आम्हाला ठाऊक होता तो डब्यांवरच्या चित्रातला, गुडघ्यापर्यंतचा चौकड्याचा घागरा घातलेला पुरुष, हातात पिशवीसारखं वाद्य घेतलेला. त्याची बायको काय नेसत होती, हे कुठल्याच चित्रात नव्हतं. म्हणून आम्ही वाचायला बसलो. आज त्या आजींना उत्तर द्यायचं आहे. काळ घेऊ व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे १८३७ ते १९०१. कारण टार्टनचं आजचं रूप ठरलं ते बरंचसं याच काळात आणि त्याच्या आधीच्या थोड्या वर्षांत.

आधी मुलुख समजून घेऊ. ब्रिटनच्या उत्तरेला स्कॉटलंड. त्याचा उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ भाग आणि बेटं म्हणजे हायलँड्स. तिथली भाषा गेलिक. त्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला लोलँड्स, म्हणजे एडिंबरा, ग्लासगो, डंडी ही शहरं आणि सुपीक शेती. आज आपण टार्टन म्हणजे सगळं स्कॉटलंड समजतो. पण पूर्वी घागऱ्यासारखा पेहराव हा फक्त डोंगरातल्या माणसांचा. सखल भागातली माणसं त्याला हसायची.

डोंगरातला जुना पेहराव म्हणजे एक लांबलचक लोकरी कापड, चार-पाच वारांचं. कमरेला चुण्या पाडून पट्ट्याने आवळायचं, उरलेलं खांद्यावर टाकायचं. दिवसा तोच पोशाख, रात्री तेच पांघरूण. नऊवारी नेसणाऱ्या आपल्या बायांना यात नवल वाटायचं कारण नाही. ताण्याचे आणि बाण्याचे रंगीत धागे एकाच क्रमाने लावले की चौकडे आपोआप उठतात. कुठला रंग मिळेल ते त्या भागात उगवणाऱ्या झाडपाल्यावर आणि विणकराच्या हातावर ठरायचं. अमुक घराण्याचा अमुकच चौकडा, असा नियम तेव्हा नव्हता.

१७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत डोंगरातल्या बंडखोरांचा पराभव झाला. त्यानंतर सरकारने कायदा केला की पुरुषांनी आणि मुलग्यांनी हा पेहराव घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. या कायद्यातून दोघे सुटले. एक सरकारी फौजेतला सैनिक, आणि दुसऱ्या बायका. सैनिकाला सूट होती कारण तो सरकारचा माणूस. बायकांचं कायद्यात नावच नव्हतं. त्यांच्या अंगावरच्या कापडाची कुणाला भीती वाटली नव्हती.

१७८२ मध्ये ही बंदी उठली. तोवर एक पिढी उलटली होती. गरीब पुरुषांना विजार आणि साध्या लोकरी कोटाची सवय झाली होती. कापड परत आलं, पण ते गरिबाकडे आलं नाही. ते श्रीमंतांच्या हौसेत आलं.

१८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. स्वागताची मांडणी प्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली होती. सगळ्यांनी डोंगरी पेहरावात यावं, असं ठरलं. राजासाहेब स्वतः झगझगीत लाल टार्टनच्या घागऱ्यात आले, खाली कातडीच्या रंगाची तंग विजार घालून. बॅनकबर्न गावच्या विल्सन कंपनीकडे मागण्यांचा ढीग पडला. ही कंपनी आधीपासून फौजेला कापड पुरवत होती. तिच्या नमुन्यांना कधी नुसते आकडे असायचे, कधी गावांची नावं. आता गिऱ्हाइकाला आपल्या घराण्याचं नाव हवं होतं. मग जुन्याच नमुन्यांना घराण्यांची नावं मिळू लागली.

१८४२ मध्ये दोन भावांनी एक देखणं पुस्तक काढलं. प्राचीन हस्तलिखितावरून कुठल्या घराण्याचा कुठला चौकडा ते आम्ही दाखवतो, असा त्यांचा दावा. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की ते सगळं बनावट होतं. पण तोवर घराणी आपापला चौकडा निवडून मोकळी झाली होती. त्यातले कित्येक आजही चालतात.

त्याच १८४२ मध्ये व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा आल्बर्ट पहिल्यांदा स्कॉटलंडला गेले. टे सरोवराकाठी टेमथ नावाचा वाडा आहे. तिथे ब्रेडलबेनच्या मार्क्विसने आपली माणसं टार्टनमध्ये सजवून रांगेत उभी केली. राणी हरखून गेली. १८५२ मध्ये त्यांनी बॅल्मोरलची जमीन विकत घेतली, तिथे नवा वाडा बांधला. जमिनीवर टार्टनचे गालिचे, खिडक्यांना टार्टनचे पडदे. आल्बर्टने राजघराण्यासाठी स्वतः एक करड्या रंगाचा चौकडा आखला. राणीने केलं म्हणजे सगळ्यांनी करायचंच. लंडन-पॅरिसच्या बायकांचे झगे, लहान मुलांचे कपडे, रिबिनी, सगळ्यावर चौकडे आले.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू. आपल्या भाषेत 'कूळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक घराणं, आणि दुसरा दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी. डोंगराळ स्कॉटलंडमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच माणसाला लागू होते. तो सरदाराच्या कुळातला होता आणि सरदाराचं कूळही होता. पूर्वी सरदाराला लढायला माणसं लागायची, म्हणून तो माणसं सांभाळायचा. लढाया संपल्या. सरदार जमीनदार झाला. आणि हिशेब केला तर माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या निघाल्या.

मग गावंच्या गावं उठवली गेली. सदरलँड भागात १८१० नंतरच्या दहा वर्षांत हजारो माणसांना घरांतून काढून समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यांवर पाठवलं. १८४६ पासून बटाट्यावर रोग पडला, उपासमार झाली. कित्येकांना जहाजात घालून कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला रवाना केलं. टेमथच्या वाड्यासमोर टार्टनधारी माणसं उभी करणाऱ्या मार्क्विसच्या जमिनीवरूनही त्याच वर्षांत अनेक कुळं हुसकावली गेली. म्हणजे एका बाजूला 'कुळाचा चौकडा' कुठला यावर जाडजूड पुस्तकं निघत होती, आणि दुसऱ्या बाजूला जमीन कसणारं कूळ रस्त्यावर येत होतं.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. ही साधी माणसं अंगावर काय घालत होती?

पुरुषांचं आधी सांगून टाकतो. १८८६ साली सेंट किल्डा या दूरच्या बेटावर काढलेलं एक छायाचित्र आहे. गावातले पुरुष सकाळी एकत्र जमून दिवसाचं काम ठरवत, ती बैठक त्यात दिसते. जाड लोकरी कोट, विजारी, डोक्यावर चपट्या टोप्या. घागरा एकाच्याही अंगात नाही. साध्या माणसाच्या अंगात घागरा दिसला, तर तो बहुतेक गणवेश असायचा. तो फौजेत असेल, नाहीतर जमीनदाराचा वाजंत्री किंवा शिकारखान्याचा नोकर असेल. कापड मालकाने दिलेलं.

बायकांचं मात्र वेगळं. डोंगरातली आणि बेटांवरची बाई आपलं कापड स्वतःच तयार करायची. मेंढीची लोकर धुवायची, पिंजायची, कातायची. रंगासाठी लोखंडी चमच्याने खडकावरचं 'क्रोटल' खरवडून आणायची. क्रोटल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड. चुलीवरच्या मोठ्या भांड्यात लोकरीचा एक थर, क्रोटलचा एक थर, असं रचून तासन्‌तास उकळलं की तांबूस तपकिरी रंग चढायचा. कोळी मात्र क्रोटलचं कापड घालून समुद्रावर जायला नाखूश असत. खडकावरून आलेलं पुन्हा खडकाकडे ओढून नेतं, अशी त्यांची समजूत.

माग चालवून कापड उतरलं, तरी काम संपत नसे. ते विरळ असायचं. ते घट्ट आणि उबदार करायला दहा-बारा जणी एका लांब फळीभोवती बसायच्या. कापड साठवलेल्या मुतात भिजवायचं, कारण त्याने तेलकटपणा जातो आणि रंग धरतो. मग ओलं कापड फळीवर आपटत, चोळत एकीकडून दुसरीकडे सरकवायचं. एक बाई गाण्याची ओळ म्हणायची, बाकीच्या पालुपद धरायच्या. हात गाण्याच्या तालावर. जात्यावर बसून ओवी म्हटलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. गेलिक भाषेतली कितीतरी जुनी गाणी या बायांच्या कामामुळे टिकली.

या कापडाचा स्कर्ट असायचा, बहुतेक एकरंगी किंवा उभ्या पट्ट्यांचा. वर साधं पोलकं, पुढे जाड कापडाचा एप्रन, आणि खांद्यावर शाल. लग्न झालेली बाई डोक्याला पांढरी लिननची टोपी बांधायची, तिला 'मच' म्हणत. पाय बहुतेक उघडे. उन्हाळ्यात बाया-पोरं अनवाणीच हिंडत. रविवारी चर्चला जातानाही बूट हातात घेऊन चालायचं आणि चर्च जवळ आल्यावर पायांत घालायचे. तळवे झिजले तर भरून येतात, बूट झिजले तर पैसे पडतात.

१८४० च्या दशकात डनमोरच्या काउंटेसने हॅरिस बेटावरच्या विणकरांकडून आपल्या घराण्याचा चौकडा विणून घेतला. कापड उत्तम उतरलं. मग तिने ते आपल्या श्रीमंत मित्रमंडळींना दाखवलं, बाजार मिळवून दिला. हेच ते पुढे जगभर गाजलेलं हॅरिस ट्वीड. दुष्काळाच्या वर्षांत या कामाने कित्येक घरांत चूल पेटली, हे खरं. आणि हेही खरं, की बाईने अंगावर पांघरायला केलेलं कापड आता शिकारीला येणाऱ्या साहेबाच्या अंगावर गेलं.

आता दक्षिणेकडे सखल मुलखात उतरू. इंग्लंडच्या सीमेलगतचे मेंढपाळ 'मॉड' नावाचं घोंगडं पांघरत. बारीक काळे-पांढरे चौकडे, लांब आकार. त्याचा एक कोपरा शिवून झोळी केलेली असायची. पावसात सापडलेलं कोकरू त्यात घालून घरी आणायचं. इथल्या चौकड्याला घराण्याचं नाव नव्हतं. पांढऱ्या आणि काळ्या मेंढीची लोकर, रंगाचा खर्च नाही, इतकाच त्याचा हिशेब.

याच भागात शेतमजूर बायांना 'बाँडेजर' म्हणत. गड्याला कामावर ठेवताना शेतमालकाची अट असायची की त्याने सोबत एक बाई कामाला आणली पाहिजे. घरात नसेल तर बाहेरून ठेवून घ्यायची. आपल्याकडे ऊसतोडीला कोयता जोडीने लागतो, ते आठवा. या बाया पट्ट्यापट्ट्यांचा जाड स्कर्ट, चेहऱ्याभोवती गुंडाळलेला रुमाल आणि वर मोठ्या काठाची गवती टोपी घालत.

एडिंबराजवळ न्यूहेवन हे कोळ्यांचं गाव. १८४० च्या दशकात हिल आणि अ‍ॅडमसन या दोघांनी तिथल्या कोळणींची छायाचित्रं काढली. सामान्य कष्टकरी बायांची जगातली ही अगदी सुरुवातीची छायाचित्रं. एकावर एक पट्ट्यांचे परकर, वरचे खोचून घेतलेले. हे नुसतं सजणं नव्हतं. पाठीवरच्या मासळीच्या जड टोपलीला कमरेवर त्या घड्यांची गादी मिळायची. टोपलीचा पट्टा कपाळावरून घेतलेला. अशा त्या एडिंबराच्या गल्ल्यांतून माल विकत जायच्या.

शतकाच्या शेवटी शेवटी हेरिंग मासळीच्या मागे बेटांवरच्या हजारो पोरी बंदराबंदराने फिरू लागल्या, थेट इंग्लंडच्या यार्मथपर्यंत. तिघींची एक टोळी. दोघी मासे चिरणार, तिसरी पिंपात मिठाचे थर देऊन भरणार. अंगात मेणकापडाचा एप्रन, पायांत बूट, आणि बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. सुरी लागली की जखमेत मीठ जायचं. त्या चिंध्यांचं चित्र कुठल्या डब्यावर आलं नाही. काम नसेल तेव्हा या पोरी रस्त्याने चालता चालता लोकरीचं विणकाम करायच्या. हात रिकामा ठेवायची सवयच नव्हती.

शहरांत गिरण्या होत्या. डंडीला तागाच्या गिरण्या, आणि ताग यायचा आपल्या बंगालमधून. तिथे कामगारांत बायाच जास्त. माग चालवणाऱ्या बाया टोपी आणि हातमोजे घालून गिरणीत येत. सूत काढणाऱ्या डोक्यावरून शाल घेऊन येत. दोघी कष्टकरीच, पण कपड्याने पायरी दाखवली जायची. ग्लासगोत कित्येक घरांत रविवारचे चांगले कपडे सोमवारी गहाण पडायचे आणि पगार झाला की शनिवारी सोडवून आणायचे.

मग साध्या बाईच्या अंगावर टार्टन आलंच नाही का? आलं. गिरणीत स्वस्त विणलं जाऊ लागल्यावर शालीच्या रूपात आलं. ती शाल थंडीत डोक्यावरून घ्यायची, बाळाला कडेवर घेऊन तीच घट्ट गुंडाळायची म्हणजे एक हात कामाला मोकळा, रात्री तीच पांघरायची. आपण कुठल्या कुळाचा चौकडा घेतोय याची तिला फिकीर नव्हती. ऊब किती, मळ दिसतो का आणि किंमत काय, एवढं बघून ती घ्यायची. आमच्या मते टार्टनचा जुना धर्म कुणी सांभाळला असेल तर या बाईने सांभाळला. पोशाखही तोच, पांघरूणही तेच.

आणखी एक शाल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिचा धागा आपल्याशी जोडलेला आहे. ग्लासगोजवळ पेस्ली नावाचं गाव. काश्मिरी शालींची विलायतेत फार चढी किंमत होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेस्लीच्या विणकरांनी त्यांची नक्कल मागावर उतरवली, पुष्कळ स्वस्त. त्यावरची मुख्य नक्षी कोणती? आपली कोयरी! लग्नानंतर नवी नवरी पहिल्यांदा चर्चला जाताना ही शाल पांघरायची. बाई ती शाल जन्मभर जपायची.

पण विणकराचं नशीब शालीसारखं रंगीत नव्हतं. १८४१ ते १८४३ च्या मंदीत पेस्लीतले हजारो विणकर बेकार झाले. लोकांनी माल घ्यावा म्हणून राणीने स्वतः शाली विकत घेतल्या. तेवढ्याने काय होणार? १८७० च्या सुमारास झग्याला मागून फुगवटा द्यायची फॅशन आली, त्यावर मोठी शाल बसेना आणि धंदा बसला. आज इंग्रजीत त्या नक्षीला पेस्ली म्हणतात. काश्मिरी कारागिराचं नाव गेलं, पेस्लीच्या विणकराचा माग गेला, गावाचं नाव तेवढं राहिलं. आपल्या पदरावर मात्र ती अजून कोयरीच आहे.

शेवटी पुन्हा डोंगरात जाऊ. १८८२ मध्ये स्काय बेटावरच्या ब्रेझ इथे चराईच्या हक्कावरून कुळं अडून बसली. त्यांना पकडायला ग्लासगोहून पोलीस आले. तेव्हा दगड घेऊन पुढे झाल्या त्या बाया, आणि लाठ्याही त्यांनी खाल्ल्या. सरकारला चौकशी नेमावी लागली आणि १८८६ मध्ये कायदा झाला. खंड भरणाऱ्या कुळाला मनमानीने जमिनीवरून काढता येणार नाही, असं ठरलं. कुळाला चौकडा मिळाला होता फुकट आणि लवकर. जमिनीवरचा हक्क मिळायला मात्र असं झगडावं लागलं.

आज स्कॉटलंडची साधी माणसं लग्नात हौसेने टार्टनचा घागरा घालतात, आणि घालावाच. ते कापड आता त्यांचंही आहे. आमचं म्हणणं एवढंच, की परंपरा म्हणून जे मिरवलं जातं त्याच्या शेजारी तो खोचलेला परकर, ती मुतात भिजवलेली लोकर, ती बोटांची चिंधीही मांडायला हवी. तेव्हा कुठे तो पेहराव पुरा होतो.

तर आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: नाही, शेतात राबणारी बाई ते नेसत नव्हती. ती पट्ट्यांचा जाडाभरडा स्कर्ट आणि शाल घालून अनवाणी चालत होती. पण ते कापड ज्या हातांनी कातलं, रंगवलं, चोळून घट्ट केलं, त्यांत तिचे हात होते.

मैत्रिणींनो, आता तुमच्यासाठी एक काम. घरातल्या आजीला, आत्याला विचारा, "सणाला काय नेसायचीस ते ठाऊक आहे. पण खुरपायला जाताना काय नेसायचीस?" ती सांगेल ते लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात आपण तेच वाचू. तोवर नमस्कार.